विमानाची चौकशी, पोखर्णीमार्गे

माझी आई विमानाला घाबरते, असं मी त्या आठवड्यात भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. ते खोटं होतं. माय कशालाच घाबरत नव्हती. घाबरत होतो मी.

चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यातली गोष्ट. रेल्वेचा संप चालू होता. माझी धाकटी बहीण शांता मुंबईच्या एका इस्पितळात नर्स होती आणि आता तिच्याच हृदयाची झडप बिघडली होती. ऑपरेशन सोमवारी सकाळी. मंगळवारी मेहुण्यांचा माणूस परभणीला आमच्या घरी आला आणि रविवारच्या औरंगाबाद-मुंबई विमानाची दोन तिकिटं देऊन गेला. सोबत चिठ्ठी होती: शांता दुसरं काही मागत नाही, आत नेण्याआधी तिला माय दिसली पाहिजे. गाड्या बंद, मुंबईच्या बसला आठ आठ दिवस जागा नाही. विमानानं गेलो तर भेट, नाहीतर नाही.

"जाऊ की," माय म्हणाली आणि परत भाकरी थापायला लागली. मला मात्र त्या घडीपासून एका जागी बसवेना. अंगणातून घरात, घरातून अंगणात असा मी फिरत होतो. शेजारच्या काकूंना दया आली. त्यांनी मायला सुचवलं, पोखर्णीच्या नरसिंहाला नवस बोला, लेकरं सुखरूप राहतील. आमच्या घरात छप्पन साली धम्म घेतल्यापासून नवस बंद आहेत. "तुमचा देव तुमाला पावू दे काकू," माय हसून म्हणाली, "आमचा ह्यो चौकशी करायलाय, त्येचं झालं की जातो."

चौकशी मी खरंच सुरू केली होती. नवस नाही तर पुरावा पाहिजे. वाचनालयात बसून जुन्या वर्तमानपत्रांतले विमान अपघात मी वहीत उतरवून घेतले. दोन रकाने पाडले: काय झालं आणि का झालं. पहिला रकाना भराभर भरला. दुसऱ्यात बहुतेक ठिकाणी 'चौकशी चालू आहे' एवढंच लिहावं लागलं. ज्या कंपनीच्या विमानात बसायचं तिचा माणूस मुलाखतीत म्हणत होता, आमच्याकडे सर्व काही व्यवस्थित आहे. ते वाचून माझी भीती दुप्पट झाली.

त्याला कारण माझी नोकरी. परभणीत कापसाच्या गाठी नेणाऱ्या एका खासगी ट्रक कंपनीत मी कारकून होतो. संध्याकाळी ड्रायव्हर गाडी लावायचा आणि गाडीची काय तक्रार असेल ती माझ्यासमोरच्या वहीत लिहायचा. तक्रार नसेल तर निजामाच्या काळापासून चालत आलेले दोन शब्द: सब ठीक. लिहिणारा मराठी असो, तेलुगू असो, शब्द तेच. आमच्या वहीत पानंच्या पानं सब ठीक होती. ती कशी होतात हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण त्यातलं एक मी स्वतः लिहवून घेतलं होतं. ते पोखर्णीला पोचल्यावर सांगतो. आत्ताच सांगायचा धीर होत नाही.

येलदरी, बुधवार

येलदरीच्या धरणावरच्या वीजघरात एक इंजिनिअर होते. यंत्रांचं शिक्षण घ्यायला ते परदेशी जाऊन आले होते, म्हणजे आमच्या ओळखीत विमानात बसलेला एकुलता एक माणूस. जिंतूरपर्यंत कंपनीच्या ट्रकनं गेलो. चढण्याआधी ब्रेक दाबून बघितला, तेव्हा ड्रायव्हर माझ्याकडे बघत राहिला. पुढं बसनं. वाटेत बस पंक्चर झाली आणि एका बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत आम्ही तीस माणसं दाटीनं उभे राहिलो.

धरणाचं पाणी खूप खाली गेलं होतं. एरवी बुडालेला गाळ उघडा पडून त्याला भेगा गेल्या होत्या आणि त्यावर कोळ्यांनी होड्या पालथ्या घातल्या होत्या. इंजिनिअरसाहेबांनी मला वीजघर दाखवलं, पण माझं लक्ष कुठलं लागायला. जेवायला त्यांनी कोळ्याकडून मरळ मागवला होता. लाल रस्सा, ज्वारीची भाकरी, कांदा फोडून. आमच्याकडे मासा म्हणजे बाजारच्या दिवशी मिळाला तर मिळाला. इथं माणसं आमटीसारखा रोज खातात आणि काटा काढायला आपल्यासारखे थांबत नाहीत.

जेवताना त्यांनी माझी वही चाळली आणि एकच प्रश्न विचारला. जी विमानं सुखरूप पोचली ती यात कुठं आहेत? मी म्हणालो, त्यांची बातमी कोण छापणार? ते म्हणाले, मग ही वही अर्धीच आहे. रोज किती उडतात, किती उतरतात हे माहीत नसताना पडलेली मोजून कंपनीचा हिशेब कसा लागेल? मला पटलं. हायसं वाटून मी आणखी अर्धी भाकरी घेतली.

तिथंच उठायला हवं होतं. पण मी विचारलं, आत बसल्यावर कसं वाटतं? साहेब सरळ माणूस. उन्हाळ्यात दुपारी तापलेल्या हवेनं विमान हिंदकळतं, एखादे वेळी पायरी चुकल्यासारखं एकदम खाली जातं, असं त्यांनी भाकरी मोडता मोडता सांगितलं. आमचं विमान दुपारचंच होतं. परतीच्या वाटेवर प्रत्येक खड्ड्याला माझा हात पुढच्या दांडीवर जात होता.

गंगाखेड, गुरुवार

साहेबांनीच दुसरं नाव दिलं होतं. गंगाखेडला विमानदलातून निवृत्त झालेला एक मिस्त्री आहे, पाण्याची इंजिनं दुरुस्त करतो. गावात त्यांना सगळे विमानवाले मामा म्हणतात. बसमधून उतरलो तेव्हा ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. गोदावरी एका काठाला सरकून बारीक झाली होती आणि मधल्या वाळूत टरबुजाच्या वाड्या लागल्या होत्या.

मामा एका इंजिनाच्या पोटात हात घालून बसले होते. मी नेहमीचं सुरू केलं, माझी आई विमानाला घाबरते. "बरं," ते म्हणाले आणि माझ्या हातात पाना दिला. मी तो धरून उभा. वही मागं ओट्यावर ठेवलेली. तेवढ्यात त्यांच्या शेळीनं पहिली दोन पानं खाल्ली. मामांनी तिला हुसकलं नाही. त्यातलं काय खाल्लं, असं विचारलं. अपघातांची यादी, म्हटल्यावर ते म्हणाले की मग काही बिघडलं नाही.

त्यांनी सांगितलं ते असं. विमानदलात विमान उडण्याआधी मिस्त्री तपासतो आणि कागदावर सही करतो. ती सही बघून पायलट आपली सही करतो, मगच चढतो. कधी कधी मिस्त्रीलाही सोबत वर नेतात, तेव्हा सही करताना हात आपोआप जपून चालतो. कंपनी कोणतीही असो, आधी बघायचं की सही कोण करतं आणि त्या सहीला काही अर्थ आहे का.

"आणि साहेबानं दम दिला तर?" मी विचारलं.

"एकदा दिला," मामा म्हणाले. "लवकर सोड मनला. मी सही केली न्हाई. दोन दिवस इमान उभं ऱ्हायलं. पुढं साहेबानंच येऊन चहा पाजला."

मग हात पुसत त्यांनी सहज विचारलं, तुमच्या ट्रकांच्या वहीत कोण सही करतं? मी म्हणालो, ड्रायव्हर लिहितो, खाली मी करतो. त्यांनी मान हलवली आणि वाळूतलं टरबूज कापून माझ्यापुढं ठेवलं. गंगाखेडच्या टरबुजाची परभणीत केवढी तारीफ. मी दोन फोडी खाल्ल्या, पण चव म्हणाल तर आठवत नाही.

पोखर्णी, शुक्रवार

पोखर्णीला उतरलो तेव्हा टांगेवाल्यापासून पानवाल्यापर्यंत सगळ्यांनी मला देवळाची वाट दाखवली. परभणीचा माणूस इथं दुसऱ्या कशाला येणार? मी अंबादासचं घर विचारलं.

अंबादास आमच्या कंपनीचा ड्रायव्हर. तीन वर्षांपूर्वी, कापसाच्या ऐन हंगामात, एका संध्याकाळी त्यानं वहीत लिहायला घेतलं की ब्रेक दाबला की गाडी डावीकडं ओढते. तसं लिहिलं की गाडी अडते. सकाळी गाठी जायच्या होत्या, दुसरी गाडी नव्हती, आणि मालकानं मला सकाळीच बजावलं होतं की एकही गाडी उभी दिसता कामा नये. मी अंबादासला म्हणालो, एवढी खेप मार, आल्यावर लिही. तो घुटमळला. मी पेन त्याच्या हातात दाबून म्हणालो, लिही, सब ठीक. त्यानं लिहिलं. खाली मी सही केली. दुसऱ्या दिवशी ट्रक डावीकडच्या नाल्यात गेला. अंबादासचा पाय मोडला तो वाकडाच बसला. पोलिसांनी वही मागवली. वहीत सब ठीक, त्याच्याच अक्षरात. चूक ड्रायव्हरची ठरली आणि लायसन गेलं. मला कुणी काही विचारलं नाही आणि मी होऊन सांगितलं नाही. विमान कंपनीचा माणूस 'सर्व काही व्यवस्थित' म्हणाला तेव्हा माझी भीती का वाढली, हे आता कळलं असेल.

अंबादास लिंबाखाली कडबा तोडत बसला होता. मला बघून उठायला लागला, मी खांद्याला धरून बसवला. त्याची बायको सुभद्रा पाणी घेऊन आली. बोलायला मोकळी बाई. मी कंपनीतला म्हटल्यावर तिनं सगळं पुन्हा सांगितलं. "झोप लागली ह्यांना स्टेरिंगवर. पोलिसाच्या कागदातच हाय. पयले मनायचे ब्रेक, ब्रेक. मंग मनायचं सोडलं." अंबादास कडब्याकडं बघत होता. मीही कडब्याकडं बघत होतो. तिच्यासमोर एक वाक्य बोलायचं होतं. ते न बोलता मी पाणी प्यालो आणि तांब्या परत दिला.

ती आत गेल्यावर मी त्याला विमानाचं सांगितलं. शांताचं सांगितलं. यावेळी 'माय घाबरते' म्हणालो नाही, मला भीती वाटते म्हणालो. जाऊ का नको, तू सांग. तो हसला. "मला कामून इचारायलाव? मी आता बैलगाडीबी हाकत न्हाई." मग म्हणाला, "एवढंच बगा. डायवर सायबाला मनला, गाडी न्हाई जात, तर त्येचं काय व्हतंय. तो भीत नसंल तर बसा. वहीत काय, कायबी लिव्हतेत."

त्यानं ते माझ्याकडं न बघता म्हटलं. बसपर्यंत सोडायला तो लंगडत आला. मी नको म्हणत होतो.

चिकलठाणा, रविवार

शनिवारी आम्ही बसनं औरंगाबादला गेलो. रविवारी दहा वाजताच मी मायला घेऊन चिकलठाण्याच्या विमानतळावर हजर. विमान दुपारचं. माय खुर्चीवर पाय वर घेऊन बसली, मांडीवर शांतासाठी केलेल्या शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. ज्यांनी विमानतळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या बसस्टँडसारखा गलका तिथं नाही. माणसं दवाखान्यासारखी हळू बोलतात आणि कुणी कुणाला कुठून आलात विचारत नाही. मायनं शेजारच्या बाईंना विचारलं, तर त्या दचकल्या.

विमान आलं, उतरलं, माणसं बाहेर पडली. आणि मग काहीच होईना. एका चाकाजवळ दोन मिस्त्री उकिडवे बसले होते. अर्धा तास गेला, तास गेला. गणवेशातले एक गृहस्थ येऊन म्हणाले की एका चाकाच्या ब्रेकची तक्रार आहे, दुरुस्ती झाल्याशिवाय विमान सुटणार नाही, किती वेळ लागेल सांगता येत नाही.

इस्पितळात भेटीची वेळ सातपर्यंत. मी घड्याळ बघत येरझाऱ्या घालू लागलो. एक व्यापारी फार तापले होते. येताना उतरलं की नीट, मग आता काय झालं, असं म्हणत त्यांनी तक्रारअर्ज लिहिला आणि सह्या गोळा करत माझ्यापाशी आले. अर्जात लिहिलं होतं, विमान ताबडतोब सोडावं. मलाही तेच हवं होतं. शांता वाट बघत होती. पेन हातात घेतलं आणि मला दिसलं की मी पुन्हा तेच करतोय. पेन परत दिलं.

मी त्या गणवेशातल्या गृहस्थांकडे गेलो. तक्रार कोणी केली, विचारलं. ते म्हणाले, पायलटनं, उतरल्या उतरल्या लिहून दिली.

"मग त्याला कुणी रागावणार नाही? एवढा उशीर झाला."

"कशाबद्दल रागवायचं?" ते म्हणाले. त्यांना माझा प्रश्नच कळला नव्हता. मी पुन्हा विचारला, तरी कळला नाही.

मी येऊन मायशेजारी बसलो आणि तिला अंबादासचं सगळं सांगितलं. तीन वर्षं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "आन त्येची बायको अजून त्याला झोपाळू समजायलीय?" मी हो म्हणालो. तिनं पाय खाली घेतले. "मला तुझी लाज वाटायलीय," ती म्हणाली. "पोरीला भेटू, तिचं नीट हू दे. मंग आधी पोखर्णीला जायचं."

दुपार कलल्यावर विमान सुटलं. घाबरणाऱ्या वाचकांनो, ते हिंदकळतं. पायरी चुकल्यासारखं खालीही जातं, येलदरीचे साहेब खोटं बोलले नव्हते. पंखे गरगरत होते आणि मी खुर्चीचे दोन्ही हात इतके घट्ट धरले होते की बोटांना मुंग्या आल्या. पण त्या चाकाची मला काळजी वाटली नाही. त्या सगळ्या विमानात मला खात्री होती ती एवढ्या एकाच गोष्टीची. माय खिडकीतून खाली बघत म्हणाली, "सगळं वाळून गेलंय रे," आणि थोड्या वेळानं झोपली.

इस्पितळात पोचलो तेव्हा भेटीची वेळ टळून गेली होती. पण शांता तिथलीच, म्हणून तिच्या मैत्रिणींनी आत सोडलं. ती खूप वाळली होती. मायनं तिचं तोंड कुरवाळलं, डबा उशाशी ठेवला. शांतानं मला विचारलं, "दादा, भ्या वाटलं का विमानात?" लहानपणापासून विहिरीत उडी मारताना, अंधारात जाताना मी तिला न्हाई म्हणत आलो होतो.

"लय वाटलं," मी म्हणालो.

"मलाबी वाटायलंय उद्याचं," ती म्हणाली आणि मग रडली. तोवर ती कुणाजवळच रडली नव्हती, असं तिच्या मैत्रिणीनं सांगितलं. माय तिला धरून बसली. ऑपरेशन नीट झालं. जूनमध्ये ती आपल्या पायानं वॉर्डातून फिरायला लागली आणि मायला तिच्यापाशी ठेवून मी परत आलो.

पुन्हा पोखर्णी

कचेरीत कपाटातून तीन वर्षांपूर्वीची वही काढली. ते पान सापडायला वेळ लागला नाही. अंबादासच्या 'सब ठीक'खाली आणि माझ्या सहीखाली मी लिहिलं: ब्रेक दाबला की गाडी डावीकडं ओढते, असं अंबादासनं मला सांगितलं होतं. मी लिहू दिलं नाही. खाली हे लिहिलं त्या दिवसाची तारीख आणि पुन्हा सही. याच मजकुराचा एक कागद पोलीस ठाण्यात दिला, एक मालकाच्या टेबलावर ठेवला. त्यामुळे वही काखेत मारून पोखर्णीला निघालो तेव्हा संध्याकाळी परत कामावर जायची काही घाई उरली नव्हती.

अंबादासनं वही गुडघ्यावर घेतली. बोट ठेवून सावकाश वाचलं. मग घराकडं तोंड करून हाक मारली, "सुबे, भाईर ये. हे ऐक." ती पिठाच्या हातानं बाहेर आली. त्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं, माझं नावसुद्धा.

तिनं आधी त्याच्याकडं बघितलं, मग त्याच्या पायाकडं.

"मंग तुमी झोपला न्हवता," ती म्हणाली.

"न्हवतो."

ती त्याच्याजवळ खाली बसली. पिठाचे हात तसेच मांडीवर. माझ्याकडं तिनं बघितलं नाही, आणि मी निघालो तेव्हा जा म्हणाली नाही, बसा म्हणाली नाही.